नाव नंतर, उद्योग आधी : उन्हाळ्यात घरबसल्या कीटक कसे बघावेत

कीटक बघायचे ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी घरभर फिरतात. गच्ची, जिना, कुंड्या, न्हाणीघर, सगळीकडे डोकावून अर्ध्या तासात परत येतात आणि म्हणतात, "आमच्याकडे मुंग्या आणि डास सोडले तर काही नाही." फिरणाऱ्या माणसाला कीटक दिसत नाहीत, कारण त्यांना तो आधी दिसतो. प्रकाशाची उघडझाप सेकंदाला साठेक वेळा झाली की आपल्याला तो सलग वाटू लागतो. माशीच्या डोळ्याला दोनशेहून जास्त उघडझापी सुट्या सुट्या कळतात. आपला झपकन पुढे गेलेला हात तिला आरामात येताना दिसतो.

दुसरी घाई नावाची. किडा दिसला की पहिला प्रश्न "हा कोणता?" आजवर कीटकांच्या दहा लाखांच्या आसपास जातींचं वर्णन झालं आहे आणि त्यातल्या कित्येक सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता येत नाहीत. "हा काय करतोय?" या प्रश्नाचं उत्तर मात्र वीस मिनिटं बसलं की बहुतेकदा मिळतं. नवशिक्याने पहिले पंधरा दिवस तरी दुसराच प्रश्न धरून बसावं.

जागा आणि बसणं

घरातली किंवा घरालगतची एकच जागा निवडा आणि रोज तिथेच बसा. फुलं असलेली कुंडी, मुंग्यांची रांग जाते ती भिंत, खिडकीची चौकट, पाण्याची बशी, ओसरीचा धुळीचा कोपरा, यांपैकी काहीही चालेल. जागा जितकी लहान, तितकं जास्त दिसतं. एका कुंडीला महिना सहज पुरतो.

बसताना सूर्य किंवा दिवा असा ठेवा की तुमची सावली बघण्याच्या जागेवर पडणार नाही. फुलावरचा कीटक उडतो तो बहुधा सावली सरकल्यामुळे. डोकं कीटकाच्या पातळीच्या जवळ आणा. वरून वाकलेला माणूस त्याला पक्ष्यासारखा वाटतो. आधी मीटरभर अंतरावर पाच मिनिटं स्थिर बसा, मग इंच इंच पुढे सरका. श्वास थेट सोडू नका. मुंग्या आणि डास श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि ऊब ओळखतात, आणि बाकीच्यांना ती फुंकरच असते. पहिली पाच-सात मिनिटं काहीच घडत नाही, आणि नेमके तेव्हाच लोक उठतात.

वेळ कोणती धरायची

कीटकांचं शरीर बाहेरच्या तापमानानुसार तापतं आणि निवतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांचा दिवस आपल्यापेक्षा वेगळा कापलेला असतो. सूर्य उगवल्यावर तासाभराचा काळ सर्वांत सोपा. फुलपाखरं पंख उघडून ऊन घेत बसलेली असतात, उडायला अजून तयार नसतात, आणि हातभर अंतरावरून बघू देतात. त्यानंतर दहापर्यंत फुलांवर गर्दी. भर दुपारी बहुतेक कीटक पानांखाली आणि फटींत जातात. ही वेळ फुकट समजू नका. लपण्याच्या जागा शोधायला हीच बरी. पानं हळूच उलटून बघा, कुंडी उचलून तिच्या बुडाशी बघा, आणि कुंडी होती तशी परत ठेवा.

दुपारी पाण्याजवळ चतुर बसलेला दिसला तर त्याच्या शेपटाकडे लक्ष द्या. ऊन फार चढलं की काही जातींचे चतुर पोटाचं टोक थेट सूर्याकडे उभं करतात, अगदी शीर्षासन घातल्यासारखं. त्यामुळे अंगावर कमीत कमी ऊन पडतं. त्याच काळात मधमाश्या पाणी नेताना दिसतात. पोळ्यातली पिलं वाढतात तिथे तापमान ३४-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावं लागतं. माश्या पाण्याचे थेंब आत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. बशीवर येणारी मधमाशी तहानलेली असेलच असं नाही, बरेचदा ती पोळ्याचा कूलर चालवत असते.

सामान

खरेदीची घाई नको. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, ३० सेंटीमीटरची पट्टी, पारदर्शक काचेचा पेला, पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वही, पेन्सिल, आणि घड्याळ किंवा फोन. रात्रीसाठी विजेरी आणि तिच्या तोंडावर बांधायला लाल पारदर्शक कागद. बऱ्याच कीटकांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही.

भिंग वापरण्यात बहुतेक लोक चुकतात. ते किड्याजवळ धरून लांबून बघतात आणि सगळं धूसर दिसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा, आणि मग वस्तू किंवा स्वतःचं डोकं पुढे-मागे करत अडीच सेंटीमीटरच्या आसपास आणा. हलत्या किड्यावर हे जमत नाही. आधी पानावर, मग मेलेल्या माशीवर हात बसवा.

जवळून बघायचं असेल तर पेला किड्यावर पालथा घाला, खालून कागद सरकवा. दहा मिनिटांसाठी हवेची भोकं लागत नाहीत. पेला उन्हात मात्र एक मिनिटही ठेवू नका, काचेतली हवा भराभर तापते आणि किडा मरतो. काही ठिकाणी किडा सुस्त व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. सुरुवात करणाऱ्याने ते करू नये. किती वेळ पुरे आणि किती जास्त याचा अंदाज चुकतो.

ढोबळ वाटणी

पाय मोजा. सहा असतील तर कीटक. डोकं, छाती, पोट असे तीन भाग दिसतील आणि पाय सगळे छातीला असतील. आठ पाय म्हणजे कोळी किंवा त्याचे नातलग. गोम आणि वाणी यांत येतच नाहीत. कोळ्यांना मात्र वहीतून हाकलू नका, घरातल्या कीटकांची अर्धी गोष्ट त्यांच्या जाळ्यातच संपते.

मग पंख. माश्या, डास, चिलटं यांना पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारीक गुंड्या असतात, त्या भिंगातून डासाच्या अंगावर स्पष्ट दिसतात. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि पंखवाल्या मुंग्यांना दोन जोड्या. हे कळलं की सर्वांत मोठी फसवणूक उघडी पडते. फुलासमोर हवेत एका जागी स्थिर राहणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी मधमाशीचं सोंग घेते. तिचे डोळे डोक्यावर टोपी घातल्यासारखे मोठे, मिशा इवल्याशा आणि पंख दोनच. तिला नांगी नसते.

भुंगेरा आणि ढेकणाच्या कुळातला किडा यांतही गोंधळ होतो. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन टणक झाकणांच्या मधून सरळ रेघ जाते. ढेकणाच्या कुळातल्या पंखवाल्या किड्याच्या पाठीवर पंख एकमेकांवर येतात आणि त्रिकोण किंवा फुली दिसते. तोंडाला चावायचे जबडे नसून पोटाखाली दुमडलेली सोंड असते. एवढ्यावर पहिला महिना निभतो.

मुंग्यांची रांग

मुंग्या घरोघरी आहेत, दिवसभर आहेत आणि माणसाला फारशा भीत नाहीत. म्हणून नवशिक्याने खरी मेहनत इथे घालावी.

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली यांनी दिवसा तिथल्या भिंतीवरच्या मुंग्यांचा वेग मोजला आणि तापमान वाढतं तसा तो वाढतो हे १९२० साली प्रसिद्ध केलं. रांगेच्या वेगावरून तापमान बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, इतका तो संबंध घट्ट निघाला. हा प्रयोग पट्टी आणि घड्याळ घेऊन कुठेही करता येतो.

रांगेशेजारी, तिला स्पर्श न करता, ३० सेंटीमीटरची पट्टी चिकटवा. एक मुंगी शून्याच्या रेघेवर आली की घड्याळ सुरू, ३० वर पोचली की बंद. मध्ये थांबलेल्या, दुसरीशी मिशा लावून बोलणाऱ्या किंवा ओझं घेतलेल्या मुंग्या धरू नका. अशा निदान दहा मुंग्यांची सरासरी काढा, कारण एकट्या मुंगीवरून काहीच ठरत नाही. शेजारी तापमापी भिंतीला टेकवून ठेवा. खोलीचं नव्हे, भिंतीचं तापमान हवं. सकाळी सात, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ, असं तीन दिवस करा. वेग ताशी नाही, सेंटीमीटर दर सेकंदाला लिहा.

आकडे वेडेवाकडे आले तर कारणं बहुधा तीनच. रांगेवर पंख्याचा वारा येत असतो. किंवा सकाळी एका जातीची रांग मोजली जाते आणि रात्री दुसरीची. रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा वेगळ्याच असतात. किंवा येणाऱ्या आणि जाणाऱ्या मुंग्या एकत्र मोजल्या जातात. दोन्ही दिशांचे रकाने वेगळे ठेवा.

दुसरा प्रयोग वासाचा. रांग पक्की झालेली असताना एका जागी ओल्या बोटाने वाट आडवी पुसा, दोन सेंटीमीटर पुरे. मुंग्या तिथे येऊन थबकतात, मिशा जमिनीला लावतात, मागे वळतात, बाजूला फिरतात. त्यांनी मागे सोडलेला वास तुटलेला असतो. वाट परत जुळायला किती मिनिटं लागली ते लिहा. नंतर पुसण्याची रुंदी दुप्पट करा. साबणाने पुसलं तर वेळ बराच वाढतो आणि कधी कधी रांग कायमची दुसरीकडे वळते, म्हणून पहिल्या फेरीत साधं पाणीच.

तिसरा, आवडीचा. एका कागदावर बोटभर अंतराने साखरेच्या पाण्याचा एक थेंब, तेलाचा एक थेंब आणि मेलेली माशी ठेवा. अर्धा तास, दर पाच मिनिटांनी प्रत्येकाभोवतीच्या मुंग्या मोजा. त्याच वारुळाची आवड दिवसागणिक बदलताना दिसेल. वारुळात अळ्या जास्त असल्या की प्रथिनांची ओढ वाढते, कारण वाढणाऱ्या अळ्यांना ती लागतात. मोठ्या मुंग्यांचं स्वतःचं काम गोडावर भागतं.

आणि एक नेहमीचा गैरसमज. कुंडी हलवली की मुंग्या तोंडात पांढरे दाणे धरून पळतात, त्यांना सगळे अंडी म्हणतात. मुंगीच्या जवळपास अंगाएवढा असलेला दाणा अंडं नसतो, तो कोष किंवा अळी असते. खरी अंडी इतकी बारीक की भिंगाशिवाय पांढरी पूडच वाटते.

कुंडीतलं एक झाड

कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या ठिपक्यांसारखा मावा दिसला तर औषध मारायच्या आधी आठ दिवस बघा. माव्याच्या माद्या वर्षाचा बराच काळ नराशिवाय, थेट जिवंत पिलांना जन्म देतात. म्हणून सोमवारी चार दिसले तर रविवारी शेंडा भरलेला असतो. ते रस शोषतात आणि जास्तीची साखर चिकट थेंब होऊन बाहेर टाकतात. खालची पानं चकाकतात, मुंग्या येतात, मिशीने माव्याला थोपटून थेंब घेतात आणि त्या बदल्यात राखण करतात. शेवटी ढालकिडे येतात. पिवळ्या-लाल ढालीचा मोठा किडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची अळी काळसर, लांबट, इवल्याशा मगरीसारखी दिसते आणि लोक तीच आधी चिरडतात. मावा कमी करण्यात तिचा वाटा मोठा असतो.

पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली की ती नागअळीची. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून मधला गर खाते. रेघ बारीक सुरू होते आणि रुंद होत जाते, कारण खाता खाता अळीही वाढते. बारीक टोकाशी अंडं घातलं होतं, रुंद टोकाशी अळी आहे किंवा होती. पान उजेडासमोर धरा. अळी आत असेल तर सावलीसारखी दिसते, आणि रेघेच्या मधोमध काळी ओळ दिसते ती तिची विष्ठा.

पानाच्या कडेचा अगदी गोल किंवा लांबट गोल तुकडा कात्रीने कापल्यासारखा गेला असेल तर ती पानकाप्या माशीची करामत. ती तुकडा खात नाही, पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात पिलांसाठी त्याच्या पुड्या करते. झाडाचं त्यात काही बिघडत नाही.

अळी वाढवून बघायची असेल तर एकच घ्या. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर सुरुवातीला उत्तम. पुढे ती हिरवी होते आणि डिवचल्यावर डोक्यामागून उग्र वासाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढते. लिटरभराची रुंद तोंडाची बरणी, तोंडाला पातळ कापड आणि रबर, तळाला कागद. पानं ज्या झाडावर ती सापडली त्याच झाडाची, रोज ताजी. देठाला ओला कापूस गुंडाळा. पाण्याची उघडी बाटली ठेवली तर अळी देठावरून उतरून बुडते. विष्ठा रोज काढा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. झाडावर औषध फवारलेलं असेल तर पानं धुऊनही उपयोग होत नाही.

मध्येच अळी खाणं सोडून दिवसभर निश्चल बसते. ती आजारी नसते, कात टाकायच्या तयारीत असते. त्या वेळी तिला हलवलं तर जुन्या कातडीतून तिला नीट निघता येत नाही. पूर्ण वाढ झाली की एकदा पातळ विष्ठा करते आणि बरणीभर भटकू लागते. तेव्हा एक तिरकी काडी आत ठेवा. कोष उन्हाळ्यात साधारण दहा-बारा दिवसांचा, कधी जास्त. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष काळसर होतो आणि आतल्या पंखांचे रंग दिसू लागतात. फुलपाखराला पंख खाली लोंबवून वाळवायला जागा हवी. बरणी लहान असेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात, मग काही करता येत नाही. आणि अळीच्या अंगातून फुलपाखराऐवजी तांदळाच्या कणीसारखे पिवळट कोष बाहेर पडले तर बरणी फेकू नका. परजीवी माशीने आधीच तिच्यात अंडी घातली होती. आठवड्याभरात त्यातून बारीक माश्या निघतील.

भिंतीवरचा मातीचा गोळा

खिडकीच्या कोपऱ्यात, पुस्तकामागे किंवा दिव्याच्या बटणाशेजारी चिखलाचा गोळा दिसला की तो कुंभारीण माशीचा. ती जबड्यात ओल्या मातीची गोळी आणते, ती थापताना बारीक गुणगुण ऐकू येते, एकेक खोली बांधते. काळ्या-पिवळ्या, सुईसारख्या कंबरेच्या जातीची कुंभारीण खोलीत नांगीने लुळे केलेले कोळी भरते, अनेकदा दहाच्या वर, त्यांतल्या एकावर अंडं घालते आणि दार लिंपते. मडक्याच्या आकाराचं घर करणाऱ्या माश्या कोळ्यांऐवजी अळ्या भरतात. दोघींनाही राखायला वसाहत नसते, त्यामुळे मुद्दाम पकडल्याशिवाय त्या डंख करत नाहीत. घरट्याला गोल भोकं असतील तर आतली पिल्लं उडून गेली. अखंड असेल तर अजून भाडेकरू आहेत.

तिची फेरी मोजा. किती मिनिटांनी येते, एका खोलीला किती फेऱ्या, दुपारी थांबते का. दोन-तीन दिवस नोंद झाली की शेजारची एखादी ठळक वस्तू, समजा फुलदाणी, ती बाहेर गेलेली असताना फूटभर सरकवा आणि परत येताना ती कुठे शोधते ते बघा. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांनी जमिनीत बीळ करणाऱ्या शिकारी माशीच्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं ठेवून हाच प्रश्न विचारला होता. कडं सरकवल्यावर माशी रिकाम्या कड्याच्या मध्यावर उतरली. कीटक आणि प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ सालचं नोबेल त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ यांच्याबरोबर मिळालं. घरातली फुलदाणी परत जागेवर ठेवायला विसरू नका, नाहीतर माशी अर्धं घर टाकून जाते.

धुळीच्या कोरड्या कोपऱ्यात, पाऊस पोचत नाही तिथे, नरसाळ्यासारखे खड्डे असतील तर तळाशी मुंगीसिंहाची, खड्ड्यात घसरलेल्या मुंग्या खाणारी, अळी दडलेली आहे. गवताच्या काडीने कडेची चार कणं खाली ढकला. खालून माती उडाली तर अळी जागी आहे. चमच्याने खड्ड्याखालची माती अलगद उचलून कागदावर पसरली की ती सापडते. उलटी, मागे मागे चालते. पाहून झाल्यावर तिथेच सोडा, अर्ध्या तासात ती नवा खड्डा करायला लागते.

रात्रीचा दिवा

पांढरी सुती चादर दोरीवर उभी टांगा आणि तिच्यासमोर फूटभर अंतरावर दिवा लावा. पिवळसर एलईडीवर कमी कीटक येतात, पांढऱ्या-निळसर प्रकाशावर जास्त. चांदणं नसलेली, वारा पडलेली, दमट रात्र निवडा. अंधार पडल्यापासून दोन तास पुरेत.

पतंग दिव्याकडे ओढला जातो असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की उडते कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. एरवी उजेड आकाशातून येतो, त्यामुळे वर-खाली कळतं. दिवा बाजूला आला की पाठ तिकडे वळते आणि कीटक गोल गोल फिरत राहतो. दिवा खाली असेल तर तो उलटा होऊन पडतो. म्हणून चादर जमिनीवर अंथरून त्यावर प्रकाश टाकू नका. उडणारे कीटक उलटे होऊन आदळतात. काम झालं की दिवा बंद करा, चादर झाडा आणि घडी करा. चादर तशीच राहिली तर पहाटे पक्ष्यांना आयतं ताट मिळतं.

दिव्याजवळ सेंटीमीटरभर लांबीचा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा बारीक पेडेरस नावाचा भुंगेरा येऊ शकतो. तो अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकून उडवा. चावत नाही, पण चिरडल्यावर अंगातलं रसायन त्वचेला लागून दुसऱ्या दिवशी फोड येतात. चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

रातकिडा ओरडत असेल तर पंधरा सेकंदांतले आवाज मोजा, तीनदा मोजून सरासरी काढा. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अमोस डोल्बेअर यांनी १८९७ साली रातकिड्याच्या आवाजावरून तापमान काढायचं सूत्र मांडलं होतं. अमेरिकेतल्या, झाडांवर राहणाऱ्या एका जातीच्या रातकिड्याला ते नीट बसतं. तुमच्या खिडकीखालच्याला बसेलच असं नाही. त्याचं सूत्र तुम्हीच काढा, तापमान आणि आवाज यांच्या वीस नोंदींत ते दिसू लागतं.

पाण्याची बशी

उथळ बशी, सेंटीमीटरभर पाणी, मधोमध गोटे, ज्यांचा वरचा भाग कोरडा राहील. गोटे नसतील तर मधमाश्या बुडतात. पाणी रोज बदला. उन्हाळ्यात डासाचं अंडं ते उडता डास हा प्रवास सात-दहा दिवसांत पुरा होतो, म्हणजे आठवडाभर विसरलेली बशी डासांचा कारखाना होते.

अशा एखाद्या विसरलेल्या भांड्यात वळवळ दिसली तर ओतून देण्याआधी बघा. अळी शेपटीकडच्या नळीने श्वास घेत डोकं खाली घालून तिरकी लटकत असेल तर ती क्युलेक्स किंवा एडीस गटातल्या डासाची. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी असेल तर अ‍ॅनोफेलीसची, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या गटातली. स्वल्पविरामासारखे गोळे दिसतात ते कोष. ते काही खात नाहीत, तरी उड्या मारतात. पाहून झालं की पाणी कोरड्या जमिनीवर ओता आणि भांडं घासून कोरडं करा, एडीसची अंडी कडेला चिकटून राहतात.

सावधगिरीचं थोडक्यात. कागदी घर करणाऱ्या गांधीलमाश्यांपासून दोन-तीन मीटर लांब राहा, केसाळ सुरवंटाला हात लावू नका. मधमाशीची नांगी अडकली तर कशाने काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं, नखाने खरवडा. डंखानंतर ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडखळला तर थेट दवाखाना. थकून पडलेल्या मधमाशीला दोन भाग साखर आणि एक भाग पाणी यांचा एक थेंब द्या. मध देऊ नका, त्यातून पोळ्याचे रोग पसरू शकतात.

वही

तारीख, वेळ, तापमान, जागा, काय करत होता, कशावर, किती. एवढंच, पण जागच्या जागी. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत किडे नेहमी मोठे झालेले असतात. "वीस मिनिटं, काहीही आलं नाही" हेही लिहा. कधी काय नसतं हे महिन्याअखेर याच ओळींतून कळतं.

फुलांसाठी एक चौकट ठरवा. ब्रिटनमधल्या परागवाहकांच्या नोंद योजनेत ५० बाय ५० सेंटीमीटरच्या चौकोनात दहा मिनिटं फुलावर बसणारे कीटक मोजतात, आणि जातीऐवजी गट लिहितात : मधमाश्या, इतर माश्या, सिरफिड, भुंगेरे, फुलपाखरं वगैरे. घरच्या कुंडीलाही हीच पद्धत चालते. एकच कीटक तीन फुलांवर गेला तर एकदाच मोजायचा.

फोटो चार घ्या : वरून, बाजूने, समोरून चेहरा, आणि ज्या झाडावर आहे त्याचं पान. वरून घेतलेल्या एकाच फोटोवर जाणकारही अडतात. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवलं तर आकार कळतो. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर असे फोटो टाकले की इतर निरीक्षक ओळख सुचवतात. पहिली सूचना यंत्राची असते आणि ती चुकीची असू शकते. बरेचदा ओळख कुळापर्यंत येऊन थांबते. तोवर वहीत "तिसऱ्या कुंडीतली, लाल पोटाची, दुपारी पानाखाली झोपणारी" असं लिहून पुढची नोंद घ्या.